विद्युत्प्रवाहाची दिशा

वरणगावाहून भुसावळास जाताना वाटेत दीपनगरच्या औष्णिक विद्युत्केंद्राची उंच धुराडी दिसतात. कोळशाच्या उष्णतेपासून तेथे वीज निर्माण होते व तारांवाटे दूरदूर पोचविली जाते. तारेतून वीज ‘वाहते’ असे आपण सहज म्हणतो. पण ती कोणत्या दिशेने वाहते?

वरणगावच्या एका विद्यार्थ्याने विजेरीची आकृती काढली आणि घटाच्या धनाग्राकडून दिव्यामार्गे ऋणाग्राकडे जाणारा बाण दाखविला. पुढच्याच पानावर त्याने वाचले, की धातूच्या तारेत इलेक्ट्रॉन ऋणाग्राकडून धनाग्राकडे सरकतात. दोन्ही विधाने एकाच पुस्तकात! मग खरे कोणते, असा त्याला पेच पडला.

या पेचाचे मूळ जुने आहे. १७४७ साली अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन यांनी असे मानले, की वीज हा एक सूक्ष्म द्रव असून तो ज्या वस्तूत अधिक ती ‘धन’ व ज्या वस्तूत उणा ती ‘ऋण’. अर्थात् प्रवाह धनाकडून ऋणाकडे जाणार, असे ठरले. तारेच्या अंतरंगात काय सरकते, हे पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते. पुढे १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला. या कणावरील प्रभार ऋण आहे आणि धातूत हेच कण सरकतात, हे कालांतराने सिद्ध झाले. फ्रँकलिन यांचे अनुमान धातूंच्या बाबतीत उलटे ठरले.

तरीही शास्त्रज्ञांनी बाण फिरविला नाही. याचे कारण जमाखर्चाच्या उदाहरणाने कळेल. गोविंदाने गोपाळास पाच रुपये दिले काय, किंवा गोपाळाचे पाच रुपयांचे देणे आपल्या अंगावर घेतले काय, दोघांच्या हिशेबात पडणारा फरक एकच. तद्वत् ऋण प्रभार एका दिशेने सरकणे व तितकाच धन प्रभार उलट दिशेने सरकणे, ही गणिताच्या दृष्टीने सारखीच. शिवाय मोरचुदाच्या द्रावणात तर धन कण व ऋण कण परस्परविरुद्ध दिशांनी खरोखरच सरकतात. म्हणून धन प्रभाराची दिशा हीच प्रवाहाची दिशा, हा संकेत सर्वत्र चालू राहिला.

घरातील विजेची गोष्ट आणखी निराळी. तिचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो. त्यामुळे इलेक्ट्रॉन जागच्या जागी किंचित् पुढेमागे होतात. दीपनगरातील इलेक्ट्रॉन वरणगावच्या दिव्यापर्यंत प्रवास करीत नाहीत. पोचते ती ऊर्जा.

विद्यार्थ्याची आकृती बरोबर होती आणि पुढच्या पानावरील विधानही. एक माणसाने ठरविलेला संकेत, तर दुसरे निसर्गातील वास्तव. या दोहोंतील भेद ज्याला ओळखता येतो, त्याला पुस्तक वाचता येते आणि प्रश्नही विचारता येतो.

शब्दार्थ : पेच – अडचण, तद्वत् – त्याप्रमाणे, संकेत – सर्वांनी मान्य केलेली रीत.

स्वाध्याय
१. विद्यार्थ्याला कोणता पेच पडला?
२. जमाखर्चाच्या उदाहरणाने लेखकाने काय समजावून दिले आहे?
३. व्यवहारातील एखादा संकेत सांगा व तो का पाळला जातो ते लिहा.