मार्खा ट्रेकआधी लेहमध्ये तीन रात्री : खर्च किती धरावा?

दिल्लीहून निघालेलं विमान दीडेक तासात थेट ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये उतरतं. मार्खा खोऱ्याचा ट्रेक त्यापुढे कोंगमारू ला ही ५,२०० मीटरहून उंच खिंड ओलांडतो. तरीही बजेट जुळेना की पहिली कात्री लागते ती लेहच्या मुक्कामाला. तसं करू नका. विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळ द्यावाच लागतो. बाकी कुठेही काटकसर करा, इथे नको.

हा हिशेब उन्हाळी हंगामातला, दोघांत एक खोली धरून, माणशी रुपयांत आहे. आकडे अंदाजे आहेत. निघण्याआधी फोनवर पक्के करा.

मुक्काम (३ रात्री) : २,४००
चांगस्पा भागात किंवा बाजाराजवळ घरगुती गेस्टहाऊसची खोली १,६०० च्या आसपास धरा. तळमजल्याची मागा, पहिल्या दिवशी एक जिना चढतानाही धाप लागते. लेहमध्ये वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे अंघोळ बादलीभर पाण्यातच उरका.

जेवण-पाणी : २,१००
थुक्पा, डाळभात असं साधं, गरम जेवा. दारू टाळा. बाटलीबंद पाण्याऐवजी उकळलेलं पाणी आपल्याच बाटलीत भरून घ्या.

काठ्या आणि औषधं : १,०००
ट्रेकिंगच्या काठ्या बाजारात भाड्याने मिळतात; खिंडीनंतरच्या उतारावर गुडघे वाचतात. ट्रेकवरच्या होमस्टेत अंथरूण-पांघरूण मिळतं, तेव्हा स्लीपिंग बॅगचं भाडं वाचवता येईल. स्वतः रांधणार असाल तर गॅसचं कॅनिस्टर लेहलाच घ्या. विमानात ते नेऊ देत नाहीत.

पर्यावरण आणि वन्यजीव शुल्क : ६००
खोऱ्याचा मोठा भाग हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतो. पावत्या जपून ठेवा.

गाडी : २,३००
विमानतळावरून शहरात, मग चिलिंग किंवा स्कियूपर्यंत आणि शेवटी शांग सुमदोहून परत. चौघं मिळाले तरच हा आकडा जमतो. गेस्टहाऊसमध्ये सोबती शोधा. टॅक्सी युनियनचं दरपत्रक असतं, ते बघूनच गाडी ठरवा.

एकूण ८,४००. त्याशिवाय जादा रात्रीसाठी १,५०० राखीव ठेवा, म्हणजे सुमारे दहा हजार.

होमस्टेचा खर्च वेगळा : रात्रीचं जेवण, नाश्ता आणि डबा धरून रोज माणशी दीड ते दोन हजार. खोऱ्यात एटीएम नाही, म्हणून ही रोकड लेहमध्येच काढा. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही; पोस्टपेड न्या.

तीन दिवस कसे घालवाल?
पहिला दिवस निव्वळ विश्रांती. दुसऱ्या दिवशी बाजारात सावकाश फेरफटका. तिसऱ्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या, थांबत थांबत. दुसऱ्याच दिवशी गाडीने खारदुंग ला ही उंच खिंड गाठायचा मोह आवरा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची का, हे घरून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं ही लक्षणं असतील तर आणखी वर चढू नका. राखीव रात्र त्यासाठीच आहे. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला तर तडक लेहचं सरकारी एसएनएम रुग्णालय गाठा. ट्रेक रद्द करावा लागला तरी चालेल. पैसे पुन्हा जमतील, खिंडही तिथेच राहील.