ट्रॅक्टरची बॅटरी उतरली तर : आधी तपासणी, मग खर्च



भरलेली ट्रॉली फडात उभी आहे आणि ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही, असा निरोप गळीत हंगामात आमच्याकडे हमखास येतो. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळपास जावा, हे आपण जाणताच; उशीर होईल तसे वजन घटते आणि साखरही. पण अशा घाईतच माणूस चुकतो. मागे एका सभासदाच्या मुलाने रात्री पाणी पाहण्यासाठी बॅटरीची बुचे काढली आणि काडी ओढली. बॅटरी फुटली, ॲसिड तोंडावर उडाले. शेजारी पाटाला पाणी होते, लगेच धुतले, म्हणून डोळे वाचले.

आधी जपणूक : चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीनेही पेट घेतो. म्हणून जवळ विडी, काडी, कंदील नको. उजेडाला विजेरी घ्या. हातातले कडे, अंगठी काढून ठेवा. तारा सोडताना निगेटिव्ह आधी सोडा, जोडताना ती शेवटी जोडा. ॲसिड उडाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे धुवा. डोळ्यात गेल्यास धुऊन तडक दवाखाना गाठा.

मग तपासणी : प्रथम टोके पाहा. पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर तारा सोडून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टोके धुवा. ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका. टोके घट्ट आवळून व्हॅसलीन लावा. पंख्याचा पट्टा ढिला किंवा तुटका नाही ना, तेही इंजिन बंद असतानाच बघा.

आता मीटर लावा. रात्रभर विसावलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ दाखवत असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मग इंजिन चालू करून पुन्हा मोजा. साधारण १३.८ ते १४.४ आले तर चार्जिंग ठीक. आकडा वाढलाच नाही, तर दोष अल्टरनेटर, पट्टा किंवा तारांत आहे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. पाणी वारंवार आटते ते यामुळेच.

चार्जिंग ठीक असूनही सकाळी बॅटरी बसते का? ती पूर्ण चार्ज करून, तारा सोडून रात्रभर ठेवा. तरीही उतरली तर बॅटरीच गेली. टिकली, तर गाडीच्या वायरिंगमध्ये कुठेतरी करंट गळतो आहे.

हे करू नका : इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून चार्जिंग पाहण्याची जुनी खोड सोडा, त्याने अल्टरनेटरचे डायोड जळतात. स्टार्टरवर पाना टेकवून गाडी चालू करू नका. गिअरमध्ये असली तर ती अंगावर येते. पाणी कमी असल्यास डिस्टिल्ड वॉटरच घाला, ॲसिड नव्हे.

पट्टा ढिला असताना नवी बॅटरी घेऊन बसलेले सभासद आम्ही पाहिले आहेत. महिन्याभरात तीही उतरली. बंधूंनो, ही तपासणी हंगामापूर्वीच करा. ट्रॉली वेळेवर काट्यावर येईल आणि उसाचे पैसे दुकानदाराच्या नव्हे, आपल्या घरात राहतील.