अध्यापकाचे अध्ययन : रासायनिक अभियांत्रिकीच्या शिक्षकांची घडण

रासायनिक अभियांत्रिकी ही तुलनेने तरुण विद्याशाखा आहे. इ. स. 1887 मध्ये जॉर्ज डेव्हिस यांनी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे या विषयावर व्याख्यानमाला दिली. त्याच्या दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत ल्यूइस नॉर्टन यांनी या विषयाचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू केला. तेव्हापासून आजपर्यंतच्या काळात या विषयाचे स्वरूप अनेकदा पालटले आहे. आणि प्रत्येक पालटाबरोबर तो शिकवणाऱ्याला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले आहे.

प्रारंभी एकेका उद्योगाची माहिती देणे, म्हणजे साबण कसा होतो, आम्ल कसे बनते हे सांगणे, यालाच शिक्षण मानले जाई. 1915 मध्ये आर्थर लिटल यांनी असे प्रतिपादन केले की, कोणताही रासायनिक उद्योग घेतला तरी त्यात ऊर्ध्वपातन, गाळण, शुष्कन, बाष्पीभवन अशा थोड्याच मूलभूत क्रिया पुनःपुन्हा आढळतात. या क्रियांना ‘एकक क्रिया’ हे नाव मिळाले. 1923 मध्ये वॉकर, ल्यूइस व मॅक्अ‍ॅडम्स यांच्या पाठ्यपुस्तकाने ही कल्पना वर्गात रुजवली. पुढे 1960 मध्ये बर्ड, स्ट्यूअर्ट व लाइटफूट यांचा परिवहन घटनांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि संवेग, उष्णता व वस्तुमान यांचे संक्रमण एकाच गणिती चौकटीत मांडले जाऊ लागले. त्यानंतर संगणक आला. ज्या अध्यापकाने 1950 च्या सुमारास पदवी घेतली असेल, त्याच्या सेवाकाळातच त्याची वही दोनदा तरी जुनी झाली असली पाहिजे.

भारतातील प्रारंभ

भारतात या विषयाचे अध्यापन 1921 मध्ये जादवपूर येथे सुरू झाले. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या तेथील संस्थेत हिरालाल रॉय यांनी त्याचा पाया घातला. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग स्थापन केला. 1947 मध्ये रॉय यांच्याच पुढाकाराने भारतीय रासायनिक अभियंत्यांची संस्था अस्तित्वात आली. अध्यापक, संशोधक आणि कारखान्यातील अभियंते यांना एकत्र आणणारे तिचे वार्षिक अधिवेशन हे आजही तरुण अध्यापकाला आपल्या महाविद्यालयाच्या भिंतींबाहेर पाहण्याची पहिली संधी देते.

स्वातंत्र्यानंतर खरगपूर (1951), मुंबई (1958), मद्रास व कानपूर (1959) आणि दिल्ली (1961) येथील तंत्रशास्त्र संस्थांची उभारणी झाली. कानपूरच्या संस्थेला 1962 ते 1972 या काळात नऊ अमेरिकन विद्यापीठे व संस्था यांच्या संघाचे साहाय्य लाभले. परदेशी अध्यापक कानपुरात येऊन राहिले व कानपूरचे अध्यापक त्यांच्या विद्यापीठांत जाऊन आले. परंतु देशातील बहुसंख्य विद्यार्थी अशा संस्थांत शिकत नव्हते. ते राज्य सरकारांच्या, विद्यापीठांच्या व पुढे खाजगी संस्थांच्या महाविद्यालयांत शिकत होते. तेथे पुष्कळदा कालचा पदवीधरच आजचा व्याख्याता होई. त्याचे ज्ञान त्याच्या विद्यार्थ्यांच्या ज्ञानापेक्षा दोनच वर्षांनी अधिक असे.

गुणवत्ता सुधार कार्यक्रम

या उणिवेवर उपाय म्हणून भारत सरकारने 1970 मध्ये ‘गुणवत्ता सुधार कार्यक्रम’ सुरू केला. त्याची मूळ कल्पना साधी होती. अध्यापकाला नोकरी सोडावयास न लावता त्याच्या महाविद्यालयाने त्याला प्रायोजित करावे. त्याने तंत्रशास्त्र संस्थेत, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अथवा अन्य निवडक संस्थेत राहून पदव्युत्तर पदवी वा डॉक्टरेट मिळवावी. आणि नंतर आपल्या जागी परतावे. ज्यांना दीर्घकाळ घर सोडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी एक-दोन आठवड्यांचे लघु अभ्यासक्रमही त्यातच योजले होते.

या योजनेचे महत्त्व पदव्यांच्या संख्येवरून मोजणे योग्य ठरणार नाही. तालुक्याच्या गावातील अध्यापक तीन वर्षे एखाद्या प्रश्नाशी झुंजतो, प्रयोग फसताना पाहतो, आपल्या निष्कर्षावर इतरांची कठोर टीका ऐकतो. पुस्तकातील समीकरण कोणीतरी कष्टाने मिळवले आहे व त्याला मर्यादा आहेत, हे तेव्हा त्याला स्वानुभवाने कळते. परतल्यावर तो तेच समीकरण शिकवतो. मात्र आता ते कोठे लागू पडत नाही, हेही तो सांगू शकतो.

अध्यापनाची कला

विषय येणे आणि तो शिकवता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शालेय शिक्षकाला प्रशिक्षणाशिवाय वर्गात पाठवीत नाहीत. अभियांत्रिकीच्या अध्यापकाकडून मात्र तशी अपेक्षा दीर्घकाळ केली गेली नाही. 1960 नंतरच्या दशकात मद्रास, भोपाळ, कलकत्ता व चंडीगढ येथे तंत्रशिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी चार संस्था स्थापन झाल्या, त्या प्रामुख्याने तंत्रनिकेतनांतील शिक्षकांसाठी. 2003 मध्ये त्यांना राष्ट्रीय संस्थांचे नाव मिळाले. पाठाचे नियोजन, प्रश्नपत्रिकेची रचना, प्रयोगशाळेतील मार्गदर्शन यांचे शिक्षण तेथे दिले जाते.

अन्य देशांतही हीच गरज जाणवली आहे. अमेरिकेत अभियांत्रिकी शिक्षणाच्या संस्थेचा रासायनिक अभियांत्रिकी विभाग दर पाच वर्षांनी अध्यापकांसाठी ग्रीष्मकालीन शाळा भरवतो. 2017 मध्ये ती नॉर्थ कॅरोलायना राज्यात व 2022 मध्ये कोलोरॅडो राज्यात भरली. त्याच देशातील रिचर्ड फेल्डर या रासायनिक अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने आपल्या सहकाऱ्यांसह 1991 पासून अध्यापनपद्धतीवर कार्यशाळा घेतल्या. त्यांचे सांगणे मूलतः असे की, तासभर एकसारखे बोलण्याऐवजी अध्यापकाने मध्ये थांबावे, वर्गाला छोटा प्रश्न द्यावा आणि दोन मिनिटे विद्यार्थ्यांना आपसांत विचार करू द्यावा. हा उपाय बिनखर्चाचा आहे. साठ विद्यार्थी व एक फळा असलेल्या वर्गातही तो करता येतो.

कारखान्याची पायरी

अध्यापकाच्या घडणीचे तिसरे अंग म्हणजे कारखान्याचा अनुभव. हेच अंग सर्वांत दुर्लक्षित राहिले आहे. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

कारखान्यात ज्याला ‘हीट एक्स्चेंजर’ म्हणतात, त्या उष्णता-विनिमयकाचे गणित प्रत्येक विद्यार्थी सोडवतो. समजा, नळ्या स्वच्छ असताना एकूण उष्णता-संक्रमण गुणांक दर चौरस मीटरला, दर अंशाला 1000 वॅट आहे. म्हणजेच उष्णतेच्या मार्गातील रोध 0.001 इतका आहे. काही महिन्यांनी नळ्यांवर क्षार व गाळ यांचा थर बसतो. या थराचा रोध 0.0005 धरला, तर एकूण रोध 0.0015 होतो व गुणांक सुमारे 667 वर येतो. तेवढेच काम करून घेण्यासाठी पृष्ठभाग दीडपट लागेल. येथवर गणित झाले. परंतु 0.0005 हाच आकडा का धरावयाचा? पुस्तकातील कोष्टक त्याचे एक उत्तर देते. त्या ठिकाणचे पाणी, नळ्यांतील प्रवाहाचा वेग आणि साफसफाईचे वेळापत्रक कदाचित दुसरेच देतील. शिवाय सावधगिरी म्हणून पृष्ठभाग फार वाढवला, तर नळ्यांतील वेग मंदावतो व थर अधिकच लवकर साचतो. उघडलेल्या विनिमयकाच्या नळ्या ज्या अध्यापकाने कधी पाहिल्या नाहीत, तो हा आकडा फळ्यावर लिहून पुढे जातो. ज्याने पाहिल्या आहेत, तो तेथेच थांबतो.

मुंबईच्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागात उद्योगांना सल्ला देण्याची परंपरा रुजली, ती यामुळेच मोलाची ठरली. तेथे 1964 मध्ये प्राध्यापक झालेले मनमोहन शर्मा यांनी मूलभूत संशोधन आणि उद्योगांचे प्रत्यक्ष प्रश्न यांची सांगड घातली. 1990 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. पिलानी येथील संस्थेने दुसरा मार्ग पत्करला. 1973 पासून तेथील विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कारखान्यात काम करू लागले. त्यांच्यासोबत मार्गदर्शक म्हणून अध्यापकही जात असल्याने त्यांचेही शिक्षण आपोआप होते.

भोपाळचा धडा

हा प्रश्न केवळ पदोन्नतीचा वा प्रमाणपत्रांचा नाही. 1984 च्या डिसेंबरमध्ये 2 व 3 तारखांच्या मधल्या रात्री भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यात मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले. त्यातून उसळलेल्या प्रक्रियेमुळे विषारी वायू शहरावर पसरला व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. टाकी थंड ठेवणारी शीतनयंत्रणा बंद होती. वायू जाळून टाकणारा ज्वालास्तंभ दुरुस्तीसाठी तोडलेला होता. त्यापूर्वी सहाच वर्षे, 1978 मध्ये, ब्रिटिश रसायनतज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ यांनी असा विचार मांडला होता की, घातक द्रव्य साठवून त्यावर पहारे बसवण्यापेक्षा त्याचा साठाच कमीत कमी ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे.

त्या रात्रीनंतर 1986 मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला व 1987 मध्ये कारखाने कायद्यात घातक प्रक्रियांविषयीची नवी कलमे आली. परंतु कायदा वर्गात शिकवू शकत नाही. सुरक्षितता हा जर शेवटच्या सत्रातील एक ऐच्छिक विषय राहिला, तर विद्यार्थी तिला तेवढेच महत्त्व देणार. अणुभट्टीइतकीच साध्या रासायनिक भट्टीचीही उष्णता हाताबाहेर जाऊ शकते, हे प्रक्रियांचा वेग शिकवणाऱ्यानेच त्याच तासाला सांगावयास हवे. त्यासाठी आधी त्याला स्वतःला ते शिकण्याची सवड व संधी मिळाली पाहिजे.

नवी साधने, जुन्या अडचणी

एकविसाव्या शतकात साधने पुष्कळ वाढली. 2003 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उपक्रमाद्वारे तंत्रशास्त्र संस्थांतील व्याख्याने चित्रफितींच्या रूपाने सर्वांना विनामूल्य उपलब्ध होऊ लागली. 2017 मध्ये ‘स्वयम्’ या मंचाची भर पडली. मुंबईच्या तंत्रशास्त्र संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्प ‘डीडब्ल्यूसिम’ या मुक्त संगणक-प्रणालीचा प्रसार करतो. तिच्या साहाय्याने संपूर्ण प्रक्रियेचे प्रतिरूप संगणकावर उभे करता येते. महागडी प्रणाली विकत घेऊ न शकणाऱ्या महाविद्यालयाच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

तथापि चित्रफीत पाहणे आणि शिकणे यांत अंतर आहे. ज्या अध्यापकावर तासांचा, परीक्षांचा व प्रवेशाच्या कामांचा बोजा आहे, तो मिळालेली सुटी प्रमाणपत्रे गोळा करण्यात घालवण्याचा संभव असतो. त्याच्या अनुपस्थितीत तास कोण घेणार, हा प्राचार्यांचा प्रश्नही खोटा नसतो. म्हणून प्रशिक्षण ही अध्यापकावर केलेली कृपा न मानता महाविद्यालयाच्या वार्षिक नियोजनाचा भाग मानली गेली पाहिजे. प्रयोगशाळेतील उपकरणांच्या देखभालीसाठी जशी तरतूद केली जाते, तशीच ती अध्यापकाच्या ज्ञानासाठीही हवी.

उष्णता-विनिमयकाच्या नळ्यांवर थर बसतो, तो एका दिवसात नव्हे. रोजचे काम चालूच असते; उत्पादन किंचित घटत जाते आणि कोणाच्या ध्यानी येत नाही. शहाणा अभियंता त्यासाठी थांबण्याचा दिवस आधीच ठरवून ठेवतो. अध्यापकाच्या बाबतीतही तो दिवस आधीच ठरलेला असावा, कारण त्याच्या वर्गातून निघालेला विद्यार्थी उद्या एखाद्या टाकीशेजारी रात्रपाळीला उभा असणार आहे.