गोंधळातील आवाहन आणि हवामानबदलाचे संगीतनाट्य

फिजी बेटांतील सुवा येथे दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या कलाकेंद्राने 2013 मध्ये ‘मोआना : द रायझिंग ऑफ द सी’ हे संगीत-नृत्यनाट्य रंगभूमीवर आणले. त्याचे लेखन विल्सोनी हेरेनिको यांचे, संगीत इगेलेसे एटे यांचे, तर नृत्यरचना पीटर रॉकफर्ड एस्पिरिटू यांची. 2015 मध्ये त्याचे प्रयोग नॉर्वेतील बर्गनसह युरोपात झाले. (2016 च्या ‘मोआना’ या व्यंगचित्रपटाशी या नाटकाचा संबंध नाही. पॉलिनेशियन भाषांत ‘मोआना’ म्हणजे महासागर.) समुद्राची वाढती पातळी आणि त्यामुळे बेटवासीयांवर येणारे विस्थापन हा त्याचा विषय. मराठी नाट्याभ्यासकाला मात्र विषयापेक्षा रूपाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटावा. ज्या संकटाला खलनायक नाही, जे एका रात्रीत न येता काही दशके येत राहते, ते रंगभूमीवर उभे कसे करावयाचे?

1880 मधील किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून रूढ झालेल्या मराठी संगीत नाटकात पद हे प्रामुख्याने पात्राच्या भावावस्थेचे वाहन आहे. विरह, अनुनय, पश्चात्ताप हे त्या पदांचे प्रदेश. पाऊस लांबणे किंवा विहिरीचे पाणी खारट होणे ही कोणा एका पात्राची भावावस्था नव्हे. ती साऱ्या गावाची अवस्था असते. म्हणूनच सुवा येथील प्रयोगात एकल गायकाऐवजी गायकवृंद आणि नर्तकसमूह केंद्रस्थानी असणे ही केवळ स्थानिक परंपरेची हौस मानता येत नाही. ती विषयाने घातलेली अट आहे. ही अट पूर्ण करू शकणारे रूप मराठीत शोधावयाचे झाल्यास संगीत नाटकाकडे न जाता तुळजापूरकडे, म्हणजे गोंधळाकडे, वळावे लागते.

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर हे भवानीचे क्षेत्र, आणि कदमराई गोंधळी तिचे उपासक. रेणुराई गोंधळी माहूरच्या रेणुकेचे. संबळ, तुणतुणे, झांज आणि पेटता पोत यांच्या साथीने होणाऱ्या या विधिनाट्याचे प्रारंभीचे अंग म्हणजे आवाहन. त्यात तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, जेजुरी, पंढरपूर अशा स्थळांच्या देवतांना त्यांच्या त्यांच्या गावाच्या नावानिशी पाचारण केले जाते. आवाहनाला अभ्यासक सामान्यतः भक्तीचा आविष्कार मानतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ते स्थळांचे गायलेले स्मरणही आहे. देवता गावाशिवाय येत नाही. मग गावच हलले तर?

हा प्रश्न या जिल्ह्यात काल्पनिक नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. भूकंपाचा हवामानाशी संबंध नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तथापि जुने गावठाण सोडून, तेच नाव घेऊन दुसऱ्या जमिनीवर राहण्याचा अनुभव मराठी समाजाने घेतलेला आहे. फिजीतील वुनिदोगोलोआ हे किनाऱ्यावरचे गाव 2014 मध्ये भरतीच्या पाण्यामुळे उंचावर हलविले गेले. त्या गावाची गोष्ट मराठवाड्यातील वाचकाला म्हणूनच परकी वाटू नये. बेटावरील माणसाने नाव बरोबर नेले, पण पूर्वजांच्या कबरी नेता येतात का, हा पॅसिफिकमधला प्रश्न येथे ग्रामदैवताच्या ओट्याविषयी विचारता येतो.

गोंधळाच्या मांडणीतही नाट्यबीज आहे. चौक भरून, त्यावर धान्य आणि पाण्याचा कलश ठेवून, भोवती पाच ऊस किंवा ज्वारीची पाच ताटे उभी करून बांधतात. ऊस की ज्वारी, हा विधीच्या दृष्टीने सोयीचा भाग. पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात मात्र तो तसा राहिलेला नाही. ढोकीच्या तेरणा कारखान्यासारख्या साखर कारखान्यांभोवती वाढलेला ऊस आणि कोरडवाहू ज्वारी यांच्यात पाण्याच्या वाटणीचा जुना तंटा आहे. 1972 च्या दुष्काळाची आठवण, 2012-13 च्या चारा छावण्या, 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने न्यावे लागलेले पाणी, हे सारे त्या कलशाच्या आणि त्या पाच ताटांच्या आसपास उभे आहे. प्रतीक बाहेरून आणून चिकटविण्याची गरज नाटककाराला येथे नाही. विधीची सामग्रीच पीक आणि पाणी आहे.

उत्तरार्धातील आख्यानात नायक कथा सांगतो आणि त्याचा जोडीदार मध्येच शंका काढतो, थट्टा करतो, व्यवहाराची गोष्ट आणतो. शास्त्रीय माहिती रंगभूमीवर व्याख्यानासारखी पडते, ही अशा नाटकांची मोठी अडचण. शंका काढणाऱ्या या जोडीदारामुळे ती सुटू शकते. मात्र येथे धोकाही आहे. शासकीय योजनांच्या प्रचारासाठी कलापथके लोककलेचा उपयोग करीत आली आहेत. तेथे शंका ठरलेल्या उत्तरासाठीच काढली जाते, आणि जोडीदार हा होयबा बनतो. 1944 च्या लाल बावटा कलापथकाने, ज्यात बार्शीचे अमर शेख अण्णाभाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांच्यासमवेत होते, लोकरूपाला विचार दिला; तरी त्या परंपरेतही प्रश्नापेक्षा निष्कर्ष आधी येण्याची उदाहरणे आहेतच. हवामानबदलाच्या बाबतीत ही घाई अधिक महागात पडेल, कारण प्रेक्षक स्वतः त्या प्रश्नात दोन्ही बाजूंना असतो. ऊस लावणारा आणि टँकरच्या रांगेत उभा असणारा शेतकरी कित्येकदा एकाच घरातला असतो.

2017 मध्ये 97 वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन या शहरात जयंत सावरकर यांच्या अध्यक्षतेखाली झाले. 2020 च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या हिरवाईसाठी लढलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे होते. दोन्ही प्रसंगांमुळे जिल्ह्याचे वाङ्मयीन स्थान अधोरेखित झाले, इतके नोंदवून पुढे जावे. लेखनाच्या दृष्टीने अधिक मोलाची घटना सप्टेंबर 2025 ची आहे. त्या महिन्यात अतिवृष्टीने भूम आणि परंडा तालुक्यांत पूर आला, आणि दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावांतून माणसांना पाण्यातून बाहेर काढावे लागले. आख्यानाची रूढ रचना एका संकटाकडून देवीच्या कृपेकडे जाते आणि त्या कृपेचे रूप बहुधा पाऊस असते. ज्या आख्यानात पाऊस हीच आपत्ती आहे, तेथे देवीकडे काय मागावयाचे, हे जोडीदाराला विचारावे लागेल, आणि नायकाकडे त्याचे तयार उत्तर असणार नाही.