गोळीच्या आधीं काय?

प्रकल्प येतो तेव्हां गांवाचें मन कसें अस्वस्थ होतें, हें कोयना प्रकल्पाची वसाहत पाहिलेल्या अलोऱ्याच्या लोकांस सांगावयास नको. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यांत, साखरी नाटें येथें, जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाविरुद्ध जमलेल्या लोकांवर १८ एप्रिल २०११ रोजीं पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत एक मच्छीमार मृत्यु पावला. जमावानें ठाण्यावर हल्ला केला, असें पोलिसांचें म्हणणें होतें. तें खरें धरिलें तरी गोळीवांचून दुसरा मार्ग नव्हता काय, हा प्रश्न उरतोच.

बेकायदा जमावास प्रथम पांगण्याचा हुकूम द्यावा, न ऐकल्यास मग बळ वापरावें, असा कायदा आहे. सैन्य बोलाविलें तर त्यानें होईल तितकें थोडें बळ वापरून थोडीच इजा करावी, असेंहि त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. जो निर्बंध सैनिकास, तो शिपायास कां नसावा? १९९० सालीं हवाना येथें संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेनें पोलिसांस ढाली व शिरस्त्राणें पुरवावीं, म्हणजे शस्त्र उचलण्याची गरजच कमी पडेल, असें सुचविलें. ही सूचना मला फार व्यवहारी वाटते. ज्याचें डोकें सुरक्षित आहे तो दगडास गोळीनें उत्तर देण्याची घाई करीत नाहीं.

मात्र लाठीसहि कोणीं निरुपद्रवी समजूं नये. २३ नोव्हेंबर १९९४ रोजीं नागपुरास गोवारी मोर्च्यावर लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरींत ११४ जीव गेले. त्यांत पुष्कळ स्त्रिया व मुलें होतीं. तेथें हत्यार बदलून भागलें नसतें. लोकांस बाहेर पडावयास वाट हवी होती, आणि त्यांचें गाऱ्हाणें ऐकावयास वेळेवर कोणी तरी सरकारी माणूस समोर यावयास हवा होता.