काकतालीय न्याय आणि आमची पद्मिनी

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण गेल्या वर्षी तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही जॉन स्टुअर्ट मिलच्या कारणशोधाच्या रीती शिकलो, आणि त्याच दिवाळीच्या सुट्टीत घरच्या जुन्या गाडीने माझी त्याच विषयाची तोंडी परीक्षा घेतली. वर्गातल्या परीक्षेत चुकले असते तर चार गुण गेले असते. इथे चुकलो असतो तर एका वृद्ध मिस्त्रीचे मेहनताना आणि अब्रू दोन्ही गेले असते. म्हणून हा प्रपंच.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८४ ची, आजोबांनी घेतलेली. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या परवान्यावर निघालेली ११०० ही गाडीच पुढे पद्मिनी या नावाने घरोघर माहीत झाली. चार सिलिंडर, १०८९ सीसी, कार्ब्युरेटर, पॉइंट आणि कंडेन्सर असे सगळे डोळ्यांना दिसणारे आणि हाताला लागणारे इंजिन. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. आमची मात्र आजोबांच्या पश्चात सहा वर्षे गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी होती. ताईची पाठवणी याच गाडीतून करायची असा बाबांनी हट्ट धरला आणि सांगलीतल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे तिचे फुल इंजिन काम काढले.

काम चोख झाले. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातले, रिंगा आणि बेअरिंगे नवी बसवली, क्रँक ग्राइंड केली, व्हॉल्व्ह घासून बसवले, रेडिएटर साफ केला, टाकी उतरवून धुतली. मिस्त्रीकाकांनी स्वतः तासगावपर्यंत चालवून पाहिली आणि गाडी घरी आणून दिली. मेहनतान्यातले निम्मे पैसे लग्नानंतर द्यायचे ठरले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला निघालो. आठ-नऊ किलोमीटर झाले असतील, गाडीने दोन-तीन आचके दिले, दम तोडला आणि बंद पडली. अर्धा तास थांबलो, चालू झाली. परत येताना पुन्हा तेच. चार दिवसांत हा प्रकार पाच वेळा झाला. बाबा म्हणाले, "इंजिन तापलं की पकडतंय. रिंगा घट्ट बसवल्यात. उरलेले पैसे विसरा म्हणावं आता." शेजारच्या काकांनी कॉइलवर बोट ठेवले, मामांनी पेट्रोलच्या भेसळीवर. लग्नाला अठरा दिवस राहिले होते.

आता तर्काकडे वळू. बाबांचे अनुमान असे होते : इंजिन काम झाले, त्यानंतर गाडी बंद पडू लागली, म्हणून इंजिन कामामुळे बंद पडते. आपल्याकडे याला फार सुंदर नाव आहे, काकतालीय न्याय. कावळा ताडावर बसला आणि त्याच वेळी फळ पडले, म्हणून कावळ्याने पाडले असे होत नाही. पण हेही ध्यानात घ्यावे की कावळ्याने पाडले नाही हेसुद्धा त्यावरून सिद्ध होत नाही. नव्या रिंगा घट्ट असू शकतात, इंजिन तापून पकडू शकते. बाबांचा संशय खुळा नव्हता, फक्त तपासलेला नव्हता.

म्हणून मी वहीत आधी निरीक्षण आणि अनुमान वेगळे लिहून काढले. "तापल्यावर बंद पडते" हे आम्ही सगळे निरीक्षण म्हणून सांगत होतो. खरे निरीक्षण एवढेच होते : "काही अंतर चालल्यावर बंद पडते, काही वेळ थांबल्यावर चालू होते." तापणे आम्ही पदरचे घातले होते. पाण्याच्या तापमानाचा काटा प्रत्येक वेळी नेहमीच्या जागी होता. तो सर्वांनी पाहिला होता आणि कोणी मनावर घेतला नव्हता.

पहिला प्रयोग व्यतिरेकाचा. उष्णता हे कारण असेल तर उष्णता असताना बिघाड यायला हवा. टाकी भरलेली असतानाच गाडी अंगणात उभी करून चाळीस मिनिटे चालू ठेवली. बॉनेटला हात लावता येईना, पण इंजिन एकदाही अडखळले नाही. कॉम्प्रेशन गेज मागून आणला. चारही सिलिंडरांचे आकडे १२५ ते १३० पौंडांच्या दरम्यान, म्हणजे एकमेकांच्या अगदी जवळ आले. रिंगा, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट यांत गडबड असती तर एखादा तरी आकडा घसरला असता. मिस्त्रीकाकांवरचा आरोप इथेच निम्मा ढिला झाला.

मग उष्णता आणि बिघाड सोबत का दिसत होते? न्यायदर्शनात उपाधी नावाची कल्पना आहे. अग्नी असेल तिथे धूर असेलच असे नाही, कारण धुराला ओले सरपण लागते. ते ओले सरपण म्हणजे उपाधी. गाडी रस्त्यावर धावली की इंजिन तापते, पण त्याच वेळी पेट्रोलही भराभर उडते. अंगणात उभ्या गाडीचे इंजिन तापते, पेट्रोल मात्र थोडेच लागते. आमची उपाधी पेट्रोलच्या वाटेवर कुठेतरी लपलेली असावी, असा कयास मी बांधला.

दुसरा धागा सहपरिवर्तनाचा. वहीतल्या नोंदी पाहिल्या. टाकी काठोकाठ भरली की गाडी आठ-नऊ किलोमीटरवर थांबे, चार-पाच लिटर उडालेले असले की वीस-एकवीसवर. मामांच्या भेसळीच्या तर्काला याच गोष्टीने बळ मिळाले होते, "पेट्रोल भरलं की जास्त त्रास देते!" पण भेसळ असती तर टाकी अर्धी झाल्यावर ती काही शुद्ध झाली नसती. टाकीतले पेट्रोल कमी असते तेव्हा जास्त काय असते? हवा.

तिसरा प्रयोग रस्त्यावर, गाडी बंद पडल्या क्षणी, कारण बिघाड हजर असतानाच त्याची साक्ष घ्यावी लागते. प्रथम प्लगची वायर काढून ठिणगी पाहिली. निळी, कडक ठिणगी. कॉइल आणि कंडेन्सर सुटले. मग कॉइलची मधली वायर काढून बॉडीला पक्की टेकवली, कारण उघडे पेट्रोल आणि ठिणगी यांची गाठ पडू देणे म्हणजे जिवाशी खेळ. पंपाकडून येणारी नळी कार्ब्युरेटरपाशी सोडून ती बाटलीत धरली आणि स्टार्टर मारला. एक-दोन थेंब पडले, बस्स. पंप ओढत होता, पण येत काही नव्हते. आता दुसऱ्या कशालाही हात न लावता मी फक्त टाकीचे झाकण सैल केले. सूंऽऽ असा लांब आवाज करीत हवा आत शिरली. पुन्हा स्टार्टर मारला, तर बाटलीत पेट्रोलची पिचकारी आली.

कारण उघड झाले. पंप टाकीतून पेट्रोल ओढतो तेव्हा रिकाम्या झालेल्या जागेत बाहेरची हवा शिरावी लागते. ती शिरली नाही तर टाकीत निर्वात वाढत जातो आणि शेवटी पंपाची ताकद अपुरी पडते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेची जागा लहान, म्हणून निर्वात लवकर वाढतो. गाडी अर्धा तास उभी राहिली की कुठल्या तरी फटीतून हवा झिरपते आणि गाडी चालू होते. आम्ही समजत होतो ती थंड झाली!

आमच्या टाकीच्या जुन्या, गंजक्या झाकणाला बारीक छिद्र होते. नव्या झाकणाला ते नव्हते. आणि ते नवे, चकचकीत, कुलूपवाले झाकण गाडी घरी आली त्याच संध्याकाळी हौसेने कोणी आणून बसवले होते? वाचकहो, मी. मिस्त्रीकाकांची तासगावची फेरी जुन्या झाकणावर झाली होती. चार दिवस मी मान डोलावत त्यांच्यावरचे आरोप ऐकत होतो, आणि त्या दिवशी बदललेल्या गोष्टींच्या यादीत माझे झाकण मी लिहिलेच नव्हते.

खात्रीसाठी अन्वय-व्यतिरेक पुरा केला. टाकी भरून, जुने झाकण लावून तासगावला जाऊन आलो, गाडी कुठेही थांबली नाही. पुन्हा टाकी भरून नवे झाकण लावले, आठव्या किलोमीटरवर बंद. बाबा शेजारी बसले होते. ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी कपाटातून पैसे काढले आणि लग्नाची वाट न पाहता मिस्त्रीकाकांकडे गेले. मीही गेलो आणि झाकणाची हकिकत सांगितली. काका हसले, म्हणाले, "पोरा, इंजिन धडधाकट हाय. नाक दाबून पळीवलंस त्याला, त्ये काय करंल?" पैसे मोजून घेताना त्यांचा हात किंचित थरथरत होता. आमच्या घरातले बोलणे त्यांच्या कानांवर आधीच गेले होते, हे मला तेव्हा कळले.

नव्याने बांधलेल्या इंजिनाशी ज्यांची गाठ पडेल त्यांच्यासाठी, आणि ज्यांची कधीच पडणार नाही त्यांच्यासाठीही, चार गोष्टी नमूद करतो. एक, पाहिलेले आणि मानलेले वेगळे लिहा. दोन, बिघाड सुरू होण्याच्या सुमारास बदललेल्या सर्व गोष्टींची यादी करा, आणि तीत स्वतः केलेले बदल सर्वांत वर लिहा. तीन, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गाडी चालू होईल पण कारण कळणार नाही. चार, कारण सापडले असे वाटले की ते परत घालून बिघाड परत येतो का ते पाहा.

यातला दुसरा नियम मिलच्या पुस्तकात मला सापडला नाही. तो मी माझ्या पदरचा घातला आहे. ताईची पाठवणी ठरल्या दिवशी पद्मिनीतून झाली. गाडी मिस्त्रीकाकांनी चालवली.