इस्त्री हातात धरून बघ, मगच घे

हे बघ, चार बायका ब्लाउजचं कापड आणून द्यायला लागल्या आणि तुला आता स्टीम इस्त्री हवीशी वाटतेय. जरूर घे. शिवणाचं रूप मशीनवर ठरतं तितकंच इस्त्रीवर ठरतं. कटोरीची शिवण कितीही नेटकी मारलीस, पण ती दाबून बसवली नाहीस, तर ब्लाउज अंगात गेल्यावर चुण्या धरतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, मापच चुकलं.

पण दुकानात जायच्या आधी आपलं काम कसलं आहे ते बघ. घरचे कपडे आपण एका बैठकीत उरकतो. शाळेचे गणवेश, यांचे शर्ट, एखादी साडी, की बटण बंद. शिवताना तसं होत नाही. इस्त्री तास-दोन तास तापलेली शेजारी उभी असते आणि दर शिवणीला उठून अर्धा मिनिट दाबायचं असतं. म्हणून खोक्यावर ‘आपोआप बंद होते’ असं लिहिलेलं असलं तर नीट विचार कर. अशा बऱ्याच इस्त्र्या आडव्या राहिल्या तर ३० सेकंदांत आणि उभ्या ठेवल्या तर ८ मिनिटांत बंद होतात. घरात रांगतं मूल असेल तर ती सोय घेच, त्यात दुसरा विचार नको. पण तुझी शिवणाची खोली वेगळी असेल तर तीच सोय कामात सारखी आडवी येते. हात लावावा तर इस्त्री गार, परत तापेपर्यंत थांबा. मग साधी घे आणि खोलीबाहेर पाऊल टाकताना बटण बंद करायची सवय लाव.

विजेचं आधी बघून ठेव. आपल्या कोल्हापुरात मंगळवार पेठेत, शुक्रवार पेठेत जुन्या घरांतून पंखा-दिव्याच्या बोर्डावर जो छोटा पॉइंट असतो तो ६ अँपिअरचा. २३० व्होल्टला त्याची ताकद १३८० वॅटपर्यंतच. स्टीम इस्त्र्या साधारण १२०० वॅटपासून पार २००० च्या पुढेही मिळतात, आणि वरच्या वॅटची इस्त्री छोट्या पॉइंटला लावून रोज तासन्‌तास चालवली तर पॉइंट तापतो, प्लॅस्टिक पिवळं पडतं, वास यायला लागतो. वायरमनकडून शिवणाच्या टेबलाजवळ १६ अँपिअरचा पॉइंट काढून घे, अर्थिंग तपासून घे. एक्स्टेन्शन बोर्डावर इस्त्री नको गं. हे मी काळजीनं सांगतेय, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर फरशीला ओल असते, आणि स्टीम इस्त्री म्हणजे हातात पाणी आणि वीज एकत्र. पायात रबरी चप्पल असू दे.

आता गळण्याचं बोलू, कारण सगळ्यांची तक्रार तीच असते. स्टीम इस्त्रीत पाणी थेंबाथेंबानं तापलेल्या तळाच्या पोकळीत पडतं आणि तिथं त्याची वाफ होते. तळ पुरेसा तापलेला नसेल तर तोच थेंब खालच्या भोकातून पाणी होऊन कापडावर उतरतो. आच कमी-जास्त करायच्या चकतीवर एक, दोन, तीन ठिपके असतात ना, ते साधारण ११०, १५० आणि २०० अंशांचे. साध्या घरगुती इस्त्रीत नीट वाफ दोन ठिपक्यांपासून पुढेच मिळते. दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग वाफ सोडायची. म्हणजे बघ, रेशमाला जी मंद आच लागते त्या आचेवर वाफ धड होतच नाही. म्हणून पैठणीवर, खऱ्या जरीवर स्टीम इस्त्री कोरडीच चालवायची: वाफेचं बटण शून्यावर, साडी उलटी, वर मऊ सुती फडकं. रेशमावर पडलेल्या एका थेंबाचा डाग कुणी काढून देत नाही. तेव्हा घेताना वाफ पूर्ण बंद करता येते का ते आवर्जून बघ.

पाण्याची गोष्ट मात्र तुझ्याच हातात आहे. निम्म्या इस्त्र्या पाण्यानं मरतात, असं माझं ठाम मत आहे. शहरात नळाला धरणा-नदीचं पाणी येतं, ते त्यातल्या त्यात बरं. अपार्टमेंटमध्ये बोअरचं पाणी असेल, किंवा शिरोळकडं जिथं जमिनी क्षारपड झाल्यात तिथं राहात असशील, तर सांभाळ. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला पांढरा थर धरतो का बघ. धरत असेल तर तोच थर इस्त्रीच्या पोटात धरतो, भोकं बुजतात, आणि ऐन वेळी पांढऱ्या कापडावर तांबूस-पांढरी घाण ओकते. आरओचं पाणी वापर, नाहीतर इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते शुद्ध पाणी. बाटलीवर डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड लिहिलंय का वाचून घे, कारण शेजारीच अॅसिडची बाटलीही ठेवलेली असते. पाण्यात अत्तर, खळ, व्हिनेगर काही घालू नकोस. खळ द्यायचीच तर कापडाला दे. काम झालं की पाणी ओतून टाक आणि इस्त्री थोडी गरम असतानाच उभी करून ठेव, आत ओल राहणार नाही. सेल्फ क्लीन असेल तर पंधरवड्यातनं एकदा कर.

तळाचं काय घ्यायचं, नॉनस्टिक, सिरॅमिक की स्टील? घरच्या कामाला तिन्ही चालतात. शिवणाला मला स्टील किंवा सिरॅमिक आवडतं, कारण टाचण्यांवरून, हुकांवरून इस्त्री फिरतेच आणि नॉनस्टिकचा थर तिथं खरवडतो. एकदा खरवडला की पातळ कापड अडकायला लागतं. टोक निमुळतं हवं, बाहीच्या चुणीत आणि गळ्याच्या कोपऱ्यात शिरायला. आणि वजन बघ. फार हलकी इस्त्री उचलायला बरी, पण इचलकरंजीचं जाड सुती, इरकलीचा काठ, खणाचं कापड तिला दाद देत नाही, मग आपण खांद्याचा जोर लावतो आणि संध्याकाळी मान धरते.

अस्तराचं विसरू नकोस. टू बाय टू असो की पॉपलीन, कापायच्या आधी तासभर पाण्यात भिजव, सावलीत वाळव, किंचित दमट असतानाच वाफेची इस्त्री फिरव. एवढं केलंस तर पहिल्या धुण्यात अस्तर आटून वरचं कापड फुगत नाही. शिवण मारली की आधी आहे तशी दाबायची, मग उघडून दाबायची, आणि इस्त्री ढकलायची नाही, उचलून ठेवायची. ढकलली की तिरपं कापलेलं कापड ओढलं जातं. कटोरी दाबायला घट्ट भरलेली छोटी उशी कर. जुन्या सुती कापडाची पिशवी शिवून आत लाकडाचा भुसा ठासून भर. गोलाई सपाट होत नाही.

एक आणखी. गळ्याला, पट्टीला चिकटणारं बकरम लावशील, तेव्हा स्टीम इस्त्रीच्या तळाची भोकं नडतात. जिथं भोक येतं तिथं दाबच बसत नाही, गोंद धरत नाही, धुतल्यावर फुगे येतात. म्हणून एकदा ठेवलेली इस्त्री उचलून थोडी सरकवून परत ठेव. घरात आईची जुनी जड कोरडी इस्त्री असेल तर ती भंगारात देऊ नकोस, बकरमाला तिच्यासारखी दुसरी नाही. तळाला गोंद लागला तर सुरीनं खरवडू नकोस, कोमट तळावर ओलं सुती फडकं फिरव.

तुला बुटिकमध्ये लटकत्या बाटलीची इस्त्री दिसली असेल. पाण्याची बाटली वर टांगलेली, नळीतून पाणी खाली येतं, अंगठ्याखालचं बटण दाबलं की वाफ. दिवसभर चालवायला ती खरोखर चांगली, तळाला टेफ्लॉनचा बूट घातला की काळ्या कापडावर चकाकीही येत नाही. बाटलीत पाणी मृदू करणारे दाणे असतात, त्यांचा रंग पालटला की नवे घालायचे. पण तिला टांगायला जागा लागते. रोज दोन-तीन ब्लाउज शिवणारीला ती आत्ता नको. काम वाढलं की घे. तोवर पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करून ठेव. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ कामांत शिंपीकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं, कुटुंबातल्या एकालाच. नोंदणी सुरू आहे का ते सीएससी केंद्रात विचार.

आता खरेदी. ऑनलाइन दोनशे रुपये स्वस्त दिसली तरी पहिली इस्त्री राजारामपुरीत नाहीतर महाद्वार रोडवर दुकानात जाऊनच घे. हातात धर, मूठ तुझ्या पंजाला बसते का बघ. आयएसआयचा शिक्का बघ, तो नसेल तर हातही लावू नकोस. दुकानदाराला पाणी भरून तापवून दाखवायला सांग, पांढऱ्या रुमालावर एकदा दोन ठिपक्यांवर आणि एकदा वाफ बंद करून फिरवून बघ. नाराज झाला तर दुसरं दुकान आहे. सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे की पुण्याला पाठवावी लागते, आणि वायर, थर्मोस्टॅट सुटे मिळतात का, हे विचार. पक्कं बिल घे, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का मारून घे. पुढं कुणी दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पण तिथंही बिल लागतंच.

आणि हे सगळं गौरी-गणपतीच्या आधी कर. एकदा सण लागले की दिवाळीपर्यंत तुला मान वर करायला मिळणार नाही, आणि नवी इस्त्री कशी चालते हे गिऱ्हाइकाच्या रेशमावर नको, आधी घरच्या परकरावर, उशीच्या अभ्र्यावर आठ-दहा दिवस कळू दे. त्यात गळली तर बदलून मागायलाही वेळ हाताशी राहील.